मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

मुंबई ते न्यूयॉर्क विमानाचं अंतर किती, असं शोधलं की १२,५४० किलोमीटरच्या आसपासचा आकडा लगेच मिळतो. वेळ किती लागतो, असं शोधलं की मात्र कुठे साडेचौदा तास दिसतात, कुठे सोळा, कुठे बावीस, तर कुठे एकतीस. पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेला माणूस इथे गोंधळतो आणि त्याचा गोंधळ रास्तच आहे, कारण हे सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर असतात. एक जातानाचा, एक येतानाचा, बाकीचे वाटेत थांबणाऱ्या विमानांचे. तुमच्या दारापासून लेकीच्या किंवा मुलाच्या दारापर्यंतचा वेळ यातल्या एकाही ठिकाणी लिहिलेला नसतो. तो आपला आपणच काढावा लागतो. हिशेब अवघड नाही, चौथीपाचवीची बेरीज-वजाबाकी पुरते. फक्त क्रम चुकवायचा नाही.

पायरी १: आधी विमानतळ नक्की करा

अंतर आणि वेळ मोजतात ते विमानतळापासून विमानतळापर्यंत. न्यूयॉर्क परिसरात लांब पल्ल्याची आंतरराष्ट्रीय विमानं मुख्यतः दोन ठिकाणी उतरतात: क्वीन्समधला जॉन एफ. केनेडी विमानतळ, म्हणजे जेएफके, आणि हडसन नदीपलीकडे न्यू जर्सीतला नेवार्क, ज्याचा कोड ईडब्ल्यूआर. मुंबईपासून दोन्हींचं अंतर जवळपास सारखंच आहे. पण एडिसन किंवा जर्सी सिटीत राहणाऱ्या मुलाकडे जायचं असेल तर नेवार्क बरंच जवळ पडतं, आणि जेएफकेला उतरलात तर अख्खं न्यूयॉर्क ओलांडून यावं लागतं. सकाळच्या गर्दीत त्या रस्त्याला दीड-दोन तास सहज जातात. तिकिटात दोन-तीन हजार रुपये वाचले म्हणून लांबचा विमानतळ घेऊ नका.

आपल्या बाजूलाही आता हे बघावं लागतं. मुंबईच्या जुन्या विमानतळाचा कोड बीओएम. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, त्याचा कोड एनएमआय. गोव्यात दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. जोडविमान घेताना उतरायचा आणि पुन्हा चढायचा विमानतळ एकच आहे ना, हे कोडवरून तपासा. नुसतं शहराचं नाव वाचून पुढे जाऊ नका.

पायरी २: सरळ अंतर काढा, पण भिंतीवरच्या नकाशावर नाही

घरात पृथ्वीगोल असेल तर तो घ्या आणि एक दोरा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणून घट्ट करा. दोरा आपोआप वर सरकेल. अरबी समुद्राकडे न जाता तो सिंधमधून कंदाहारकडे निघेल, तुर्कमेनिस्तान आणि पश्चिम कझाकस्तानवरून रशियात शिरेल, मॉस्कोच्या जवळून हेलसिंकीकडे येईल. मग नॉर्वेतलं ट्रॉनहाइम, आइसलँडचा दक्षिण भाग, ग्रीनलँडचं अगदी खालचं टोक आणि कॅनडातला लॅब्राडोर, असा तो न्यूयॉर्कला पोचेल. मुंबई १९ अंश उत्तरेला, न्यूयॉर्क साधारण ४१ अंशांवर. पण मधली वाट जवळजवळ ६५ अंशांपर्यंत चढते. आर्क्टिक वृत्त तिथून फार लांब राहत नाही.

गोल वस्तूवरचा सगळ्यात जवळचा रस्ता हाच. शाळेच्या भिंतीवर असतो त्या सपाट नकाशावर पट्टीने रेघ मारलीत तर ती सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जेरिया, मोरोक्को अशी जाते आणि दिसायला सरळ असते. त्या रेघेने विमान नेलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर उडावं लागेल, म्हणजे जवळजवळ दोन तास जास्त. सपाट नकाशात ध्रुवांकडचा भाग ताणलेला असतो, त्यामुळे उत्तरेची जवळची वाट लांब वाटते. विमानात समोरच्या पडद्यावर आपलं विमान ग्रीनलँडच्या आसपास दिसलं की बरेच प्रवासी चक्रावतात. घाबरू नका, तीच जवळची वाट आहे.

दोरा उचलून पट्टीवर मोजा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरेल, त्याला ४२५ने गुणा: १२,५०० च्या पुढेमागे उत्तर येतं. नातवंडांना सोबत घेऊन हे एकदा कराच. भूगोलाचा एक अख्खा धडा पाच मिनिटांत कळतो.

गोल नसेल तर ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट आहे. तिथे दोन विमानतळांचे कोड मध्ये आडवी रेघ देऊन टाकले की अंतर आणि वाट दोन्ही दिसतात. गूगल अर्थवरची मोजपट्टीही चालते. फक्त एकक बघा. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, आणि वैमानिक वापरतात तो सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हेच अंतर मैलांत सुमारे ७,८०० दिसेल आणि सागरी मैलांत ६,७७० च्या आसपास. तीन आकडे दिसले म्हणून तीन वेगळे मार्ग समजू नका.

पायरी ३: विमान प्रत्यक्षात कुठून जातं ते बघा

आकाशही देशादेशांत वाटलेलं आहे, आणि लांबच्या प्रवासाचा वेळ गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त बदलला तो यामुळे.

दोऱ्याची वाट पुन्हा आठवा: सिंध, मग कंदाहार, मग रशिया. २०२५ च्या एप्रिलअखेर पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद केलं. २०१९ मध्येही फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत ते बंद होतं. म्हणजे भारतीय कंपनीचं विमान मुंबईहून निघाल्या निघाल्याच जवळची वाट सोडून अरबी समुद्रावरून पश्चिमेकडे वळतं. दिल्लीहून निघणाऱ्या विमानांना याचा फटका आणखी जास्त, कारण त्यांना आधी खाली दक्षिणेकडे यावं लागतं. या बंदीनंतर भारतातून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही उड्डाणांना वाटेत युरोपात इंधन भरायला थांबावं लागलं. रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय संघातल्या कंपन्यांना बंद आहे, त्यामुळे त्यांची विमानं वेगळ्याच वाटेने फिरतात. अफगाणिस्तानवरून जाणं ऑगस्ट २०२१ नंतर बऱ्याच कंपन्या टाळतात. पश्चिम आशियात तणाव वाढला की तिथलीही आकाशं अचानक बंद होतात.

म्हणून एकाच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांच्या विमानांना वेगळा वेळ लागू शकतो आणि गेल्या वर्षी कुणाला लागलेला वेळ यंदा तुम्हाला लागेलच असं नाही. शेजारच्या काकूंचा अनुभव जरूर ऐका, पण त्या कोणत्या साली आणि कोणत्या कंपनीने गेल्या होत्या तेही विचारा.

आजची स्थिती कळायला सोपा मार्ग आहे. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर तुमच्या विमानाचा क्रमांक टाका. मागच्या काही दिवसांत ते विमान कधी सुटलं, कधी टेकलं आणि कोणत्या वाटेने गेलं, हे दिसतं. वेळापत्रकातल्या आकड्यापेक्षा मी यावर जास्त भरवसा ठेवतो.

पायरी ४: किलोमीटरचे तास करा

लांब पल्ल्याची जेट विमानं अकराएक किलोमीटर उंचीवर ताशी साधारण ९०० किलोमीटरने जातात. अंतराला ९०० ने भागा आणि त्यात ४० मिनिटं मिळवा. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं आणि उतरल्यावर गेटला लागणं त्यात येतं. १२,५४० भागिले ९०० म्हणजे १३ तास ५६ मिनिटं. अधिक ४०, म्हणजे १४ तास ३६ मिनिटं.

आता वारा. याच उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी १०० ते २०० किलोमीटर वेग त्यांना नेहमीचाच, आणि हिवाळ्यात ते आणखी चेकाळतात. ९ फेब्रुवारी २०२० ला वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन न्यूयॉर्कहून निघालेलं एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं होतं. एरवी त्या प्रवासाला साडेसहा तास लागतात, आणि उलट दिशेने, लंडनहून न्यूयॉर्कला, आठेक तास.

त्यामुळे भारतातून अमेरिकेला थेट जाताना दहा टक्के वाढवा. १४ तास ३६ मिनिटांचे सोळा तास होतात. आकाश बंद असल्याने वळसा पडत असेल तर आणखी अर्धा-पाऊण तास धरा. परत येताना मागून येणारा वारा आणि वळसा एकमेकांना बऱ्यापैकी छेद देतात. साडेचौदा ते पंधरा तास धरायला हरकत नाही. सुरुवातीला सांगितलेले साडेचौदा आणि सोळा हे दोन आकडे इथून येतात.

तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो. त्यामुळे वैमानिकाने 'आपला उड्डाणाचा वेळ पंधरा तास वीस मिनिटं' असं सांगितलं आणि तिकिटावर सोळा तास असतील, तर कुणीच चुकलेलं नाही.

पायरी ५: तिकीट वाचा, आणि तारीख दोनदा वाचा

तिकिटावर सुटायची वेळ त्या गावची, आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची असते. दोन्हींची थेट वजाबाकी केली की चुकीचं उत्तर येतं.

न्यूयॉर्क आपल्या मागे आहे: हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. भारतात असं काही होत नाही. लंडनमध्येही घड्याळं बदलतात, पण मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि नोव्हेंबरच्या तोंडावर एक आठवडा लंडन-न्यूयॉर्कमधला फरक नेहमीपेक्षा एक तासाने कमी असतो. या दिवसांत लंडनमार्गे जात असाल तर पाठ केलेल्या फरकावर विसंबू नका.

समजा, तिकिटावर लिहिलंय: मुंबई १० जानेवारी, ०१:३०; जेएफके १० जानेवारी, ०७:२०. नुसतं बघितलं तर पावणेसहा तासांचा प्रवास वाटतो. पोचायची वेळ भारतीय वेळेत करा: ०७:२० मध्ये साडेदहा तास मिळवले की संध्याकाळचे ५:५०. रात्री दीड ते संध्याकाळी ५:५० म्हणजे १६ तास २० मिनिटं. परतीचं बघा: जेएफके १० फेब्रुवारी, दुपारी १२:००, मुंबई ११ फेब्रुवारी, दुपारी १:१०. न्यूयॉर्कचे दुपारचे बारा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. तिथून दुसऱ्या दिवशी दुपारी १:१० पर्यंत १४ तास ४० मिनिटं. कोणताही प्रवास असो, दोन्ही वेळा भारतीय घड्याळात आणा आणि मगच वजा करा. तिकिटावर वेळेच्या शेजारी बारीक अक्षरात '+१' असेल तर पोचायची तारीख दुसऱ्या दिवसाची आहे.

आता तारखेबद्दल, कारण इथे विमान चुकतं. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. १० तारखेचं रात्री दीडचं विमान म्हणजे तुम्हाला ९ तारखेला रात्री साडेनऊ-दहापर्यंत विमानतळावर पोचायचंय. आपल्या बोलण्यात रात्रीचा दीड म्हणजे आदल्याच दिवसाची रात्र, उजाडल्याशिवाय दिवस बदलत नाही. विमान कंपनीचा दिवस बाराच्या ठोक्याला बदलतो. कॅलेंडरवर ९ तारखेच्या चौकोनात ठळक अक्षरात 'आज रात्री निघणे' असं लिहून ठेवा आणि गाडीवाल्यालाही ९ चीच तारीख सांगा.

पायरी ६: वाटेत थांबणारं विमान नीट तोला

वाटेत थांबलं की फार लांबचा फेरा पडतो, हा समज बहुतेक वेळा चुकीचा निघतो. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई-जेएफके ११,०२०. बेरीज १२,९५०, थेट अंतरापेक्षा चारशेच जास्त. लंडनमार्गे ७,२१० आणि ५,५४०, म्हणजे १२,७५०. दिल्लीमार्गे १,१४० आणि ११,७६०, म्हणजे १२,९००. चारशे किलोमीटर ही विमानाची अर्ध्या तासाची गोष्ट.

वेळ खर्च होतो तो जमिनीवर. समजा पहाटे ४:३० ला मुंबई सोडलीत. ३ तास १० मिनिटांनी दुबई, तिथले सकाळचे ६:१०. ८:३० ला पुढचं विमान, आणि चौदा तासांनी हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारचे दीड. भारतीय घड्याळात तेव्हा रात्रीचे बारा वाजलेले असतात. एकूण साडेएकोणीस तास. थेट विमानापेक्षा तीन तास दहा मिनिटं जास्त. थांबा आठ तासांचा असेल तर पंचवीस, चौदाचा असेल तर एकतीस. स्वस्त तिकीट म्हणून दिसतं ते बऱ्याचदा असं लांब थांब्याचं असतं.

माझं मत विचाराल तर साठी ओलांडलेल्यांना सोळा तास एका जागी बसवण्यापेक्षा अडीच ते चार तासांचा एक थांबा बरा. पाय मोकळे होतात, गुडघे आखडत नाहीत, नीट जेवता येतं. दीड तासाचा थांबा मात्र टाळा. पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं की मोठ्या विमानतळावर धावपळ ठरलेली, आणि तिथे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला रेल्वे घ्यावी लागते. व्हीलचेअरची मदत हवी असेल तर ती तिकीट काढतानाच नोंदवा. आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असू द्या. मग पहिलं उशिरा आलं तर पुढची सोय करणं कंपनीकडे येतं. वेगवेगळी तिकिटं असतील तर ती जबाबदारी तुमची. थांब्याच्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे त्या देशाच्या अधिकृत साइटवर तिकिटाच्या आधी बघा. हे नियम बदलत राहतात.

अमेरिकेत शिरल्यावर विमान बदलायचं असेल, म्हणजे मुंबई-न्यूयॉर्क-डॅलस असा प्रवास असेल, तर इमिग्रेशन पहिल्याच अमेरिकी विमानतळावर होतं. साधारणपणे बॅगाही तिथेच पट्ट्यावरून उचलून, कस्टममधून काढून पुन्हा जमा कराव्या लागतात, जरी मुंबईत त्यांना डॅलसची चिठ्ठी लावलेली असली तरी. तिथे तीन तासांपेक्षा कमी थांबा घेऊ नका. अबू धाबीहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांचं इमिग्रेशन अबू धाबीतच होतं, त्यामुळे अमेरिकेत उतरल्यावर रांग नसते. पण मग अबू धाबीच्या थांब्यात तेवढा वेळ हवा.

पायरी ७: दारापासून दारापर्यंत मोजा

पुण्याहून एडिसनला जाणाऱ्या जोडप्याचा हिशेब करू, सगळा भारतीय घड्याळात. ९ जानेवारीला संध्याकाळी पाचला कोथरूड सोडलं. द्रुतगती मार्ग, घाट आणि मुंबईतली गर्दी धरून साडेचार तास, म्हणजे साडेनऊला विमानतळ. रात्री दीडचं विमान. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५:५० ला जेएफके. इमिग्रेशन आणि बॅगा दीड तास, ७:२०. गाडीने एडिसन, गर्दीच्या वेळी पावणेदोन तास, ९:०५. म्हणजे घर सोडल्यापासून अठ्ठावीस तास, आणि विमान थेट असूनही. तिथे तेव्हा सकाळचे साडेदहा वाजलेले असतात आणि अख्खा दिवस पुढे उभा असतो.

हा अठ्ठावीसचा आकडा महत्त्वाचा आहे तो औषधांसाठी. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाचं इन्सुलिन यांचा संबंध दोन डोसांमधल्या तासांशी असतो. तिकिटावरची तारीख एकच असली तरी मध्ये अख्खा दिवस गेलेला असतो. निघण्याआधी डॉक्टरांना हे तासांचं टिपण दाखवा आणि कोणता डोस कधी घ्यायचा ते लिहून घ्या. एक मनगटी घड्याळ पोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवा. औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. विमानात जमा केलेली मोठी बॅग मागे राहिली तरी दोन-तीन दिवस निभावलं पाहिजे.

पायरी ८: निघायच्या दिवशी

दुपारी एकदा कंपनीच्या साइटवर किंवा ॲपवर विमान वेळेवर आहे का ते बघा. त्याच विमानाचा आधीचा फेरा उशिरा येत असेल तर तुमचाही उशिरा सुटण्याची शक्यता असते, आणि फ्लाइटरडार२४ वर हे बऱ्याचदा कंपनीच्या संदेशाआधी कळतं. तरीही घरातून निघायची वेळ पुढे ढकलू नका. उशीर भरून निघाला तर काउंटर ठरल्या वेळीच बंद होतो.

तिकडे न्यायला येणाऱ्याला विमानाचा क्रमांक, विमानतळाचा कोड आणि टर्मिनल, तिन्ही कळवा. विमान टेकायच्या वेळेला त्याला दारात उभं करू नका. टेकल्यावर दीड तासाने या, असं सांगा. फोन लागेलच असं नाही, त्यामुळे त्याचा नंबर आणि घरचा पत्ता कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवा. अमेरिकेत कुठे राहणार, हे इमिग्रेशनचा अधिकारीही विचारतो.